लागत नाही, असं लेखी द्या

माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांना घर बांधायची परवानगी दिली, किंवा दिली नाही. बांधकाम शाखेत ते बाबू होते. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पण त्यांच्यातला बाबू काढून घ्यायचं राहून गेलं. तो फुलचूरला आमच्या घरी आला आणि पुढच्या खोलीत राहू लागला.

'विनापरवाना' हा आमच्याकडे शिवीसारखा शब्द. आईनं कोंबड्यांसाठी खुराडं करायचं काढलं, तर त्यांनी विचारलं, कच्चं का पक्कं? आई म्हणाली, कोंबड्यांले विचारा. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला न सांगता जाळी बसवली तेव्हा चार दिवस ते त्या खिडकीकडे पाठ करून जेवले. हे मी वाढवून सांगत नाहीये. वाढवायची गरज पडली असती तर आमचं बरं चाललं असतं.

गेल्या वर्षी ते मागच्या अंगणात पडले. संडास अंगणाच्या पार टोकाला, वाटेवर फरशी, फरशीवर शेवाळ. खुब्याला मार बसला, हाड तेवढं वाचलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडले तर ऑपरेशन करावं लागेल आणि या वयात त्यानंतर चालतीलच असं सांगता येत नाही. संडास खोलीतच करून घ्या. त्यांच्या खोलीत धान साठवायची ढोली ठेवलेला एक कोपरा होता. ढोली हलवायची, दोन भिंती उभ्या करायच्या, एक दार, एक पाइप. मिस्त्री पाहून गेला. "आठ दिन का काम है, दीदी," म्हणाला.

वडील म्हणाले, "परवानगी?"

"घरातल्या घरात कायले लागते परवानगी?" मी विचारलं.

"लागत नसन तर तसं लेखी आण. विनापरवाना संडासात मी बसणार नाई."

तोवर काठी टेकत ते त्याच फरशीवरून जात राहिले. मला सोबत येऊ देत नसत. मुलीनं बापाला तिथं हात धरून न्यायचं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटायचं. मी मागच्या दाराशी कान लावून उभी राहायची. "काऊन उभी राहून राहिली तिथं? जा," ते तिकडून ओरडायचे. परत येताना संडासाची कडी वाजली, काठी दाराशी पोचली, की माझा जीव भांड्यात पडायचा. शाळेत शिकवताना फळ्याकडे तोंड असलं तरी लक्ष त्या फरशीवर. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला राग जास्त यायचा.

मी त्यांच्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांनीच कामाला शिकवलेला माणूस बसतो. त्यानं चहा मागवला, बाबूजींची तब्येत विचारली, सगळं ऐकून घेतलं.

"आतल्या आत हाये न, ताई? मग नाई लागत परवानगी."

"तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"लागत नाही, असं."

तो विचारात पडला. "परवानगी देता येते, नाकारता येते. लागत नाई याचा नमुनाच नाई आपल्याकडे."

"मग परवानगीच द्या."

"लागतच नाई तर देऊ कशी?"

मग त्याला सुचलं. "असं करा न, भिंत एक फूट बाहेर घ्या. मग ते नवीन बांधकाम होते. त्याले परवानगी लागते. लागली का मी देतो."

म्हणजे जो संडास परवानगीशिवाय होत होता तो परवानगीसाठी एक फूट वाढवायचा. मला हे लगेच पटलं, यावरून तेव्हा माझं डोकं कुठवर गेलं होतं ते कळेल. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "एक फुट में क्या रखोगे?" मी म्हटलं, परवानगी. तो हसला नाही, टेप काढून मापं घेऊ लागला.

वडिलांना मात्र हुरूप आला. घर त्यांच्या नावावर, म्हणून अर्जदार तेच. अर्धवट कागद ऑफिसात जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून छाननी करणारेही तेच. सकाळी नकाशावर सही करायचे आणि दुपारी चष्मा लावून त्यातच त्रुटी काढायचे. उत्तर दिशेचा बाण नाही. शेजाऱ्याची संमती आहे, पण शेजारी कोणत्या बाजूचा ते नमूद नाही. आई म्हणाली, "या माणसानं लग्नाच्या वक्ती माह्या बापाले नकाशा कसा नाई मागतला?" असे दोन आठवडे गेले. फरशीवरचं शेवाळ मी रोज खरवडत होते आणि ते रोज नव्यानं येत होतं. त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

शेवटी एकच रकाना उरला: बांधकामाचे प्रयोजन. मी लिहिलं, 'सोयीकरिता'. वडिलांनी लाल पेननं त्याला गोल केला. "मोघम हाये. कोणाची सोय?" मी नवा फॉर्म घेतला आणि लिहिलं, 'घरातील वृद्ध व्यक्तीकरिता'. पुन्हा गोल. "वृद्ध व्यक्ती कोण? तिले काय झालं? साहेब विचारन न."

साहेब काही विचारणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला तोंडावर सांगून टाकावंसं वाटलं. पण पडणे हा शब्द तोवर त्यांच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. आई 'त्या दिवशी' म्हणायची, मी 'ते झालं तेव्हा' म्हणायची आणि वडील काहीच म्हणत नसत. मी तिसरा फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला. "अर्ज तुमचा हाये, बाबा. तुम्हीच लिहा."

मी चहा करायला गेले, आणि मुद्दाम उशीर लावला. परत आले तेव्हा ते कागद मांडीवर घेऊन बसले होते. रकान्यात त्यांच्या ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अर्जदार पडतो.'

पूर्णविरामसुद्धा दिला होता. मी वाचत असताना ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, आता मी त्रुटी काढते की काय असे.

"चालन?" त्यांनी विचारलं.

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी कागद घडी न घालता बाजूला ठेवला, काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यापुढं हात केला. "मले मागं जायचं हाये," ते म्हणाले. "घेऊन चाल."