सांताने दिलेला डबा
नव्या प्लास्टिकचा वास आला की मी अजून कानकोंडी होते. त्या डिसेंबरात यांचं राइस मिलमधलं काम सुटलं होतं, आणि नेमका लेकरांच्या शाळेतून निरोप आला, की नाताळच्या कार्यक्रमात सांता भेटी वाटेल, तेव्हा आपापल्या मुलासाठी भेटवस्तू गुंडाळून गुपचूप पाठवा. गोंदियाच्या बाजारात दुकानदार म्हणाला, “भाभी, गुडिया ले जाओ, आँखें भी मूंदती है.” निळ्या फ्रॉकची ती बाहुली मी आडवी केली, तिनं डोळे मिटले, आणि मी तिला परत ठेवलं. दोन खेळणी परवडणार नव्हती. धाकट्यासाठी गाडी घेतली आणि पहिलीतल्या लेकीसाठी प्लास्टिकचा जेवणाचा डबा, कारण तिचा जुना गळत होता आणि ती समजूतदार होती. शाळेतून आल्याबरोबर धाकटा अंगणात गाडी पळवू लागला. लेक डबा घेऊन चुलीपाशी आली. “माय, सांतानं त्याले गाडी देली, मले डबाच काऊन देला वं?” मीच दिला, एवढंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “तू भावासंग भांडत राहतं ना, म्हणून.” तिनं मान हलवली, डबा धुतला आणि पालथा घातला. त्यानंतर ती भावाशी कधी भांडली नाही. आता ती कॉलेजात जाते. सांता कोण होता, हे तिला केव्हाच कळलं असेल. तरी भावानं काही मागितलं की ती मुकाट्यानं देऊन टाकते, आणि लोक मला म्हणतात, किती चांगलं वळण लावलंत पोरीला.