मामांच्या लॅपटॉपमधली स्थळं

भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या काठच्या मुलखात माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. भाऊ त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. मी शिरूरला एका शाळेत संगणक शिकवतो. आठवड्याचे सहा दिवस पोरं दमवतात आणि सातव्या दिवसासाठी देवाने मामांची सोय करून ठेवली आहे. रविवारी सकाळी फोन वाजला की बायको नाव न बघताच सांगते, "दौंडवरून असेल."

मामा उभी हयात साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाने भरलेला ट्रॅक्टर तोलायचा, ऊस उतरला की तोच रिकामा ट्रॅक्टर पुन्हा तोलायचा आणि वजाबाकी लिहायची. हे त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्तीनंतरही नजर थांबेना. मी दारात पाऊल ठेवलं की ते आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघतात आणि म्हणतात, "पाव्हणं, दिवाळीपास्नं तीन किलो उतरलाय." एकदा खात्री करावी म्हणून घरी येऊन काट्यावर उभा राहिलो, तर बरोब्बर तीन किलो उतरलो होतो. त्यात त्यांचाही हात होता, पण ते मी कधी बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून मामांनी लग्नं जमवायला घेतली. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती आधी ते वह्यांत लिहायचे. मुली थोड्या, मुलं ढीगभर, आणि त्यातली बहुतेक शेती करणारी. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीवर मामा कधी चिडले नाहीत. "तिचं बी खरं हाय," एवढं म्हणून पान उलटायचे. मुलगा पारखायची त्यांची रीतही काट्यावरचीच. "आधी घरादारासकट तोलायचा. मग जमीन, बंगला, गाडी काढून परत तोलायचा. उरतं ते पोरगं." या हिशोबाने काही मोठ्या घरची मुलं अगदीच हलकी भरायची आणि मामा तसं त्यांच्या वडिलांना तोंडावर सांगायचे. त्यामुळे गावोगाव त्यांचे दोन गट होते: त्यांना जेवू घालणारे आणि त्यांना बघून दार लोटून घेणारे.

त्या वह्या लॅपटॉपमध्ये भरायला मीच शिकवलं. चार महिन्यांचे रविवार त्यात गेले. शिकून झाल्यावर मामांनी सगळ्या वह्या अंघोळीच्या बंबात घातल्या. लॅपटॉप रेक्झिनच्या पिशवीत घालून, पिशवी मोटरसायकलच्या हँडलला अडकवून ते उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांनी फिरू लागले. सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, हे मी त्यांना दर भेटीत सांगायचो. ते दर भेटीत "व्हय व्हय" म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी फोन आला. "पाव्हणं, काळा पडलाय. वर इंग्लिशमधी लिवलंय, बूट डिव्हाइस नॉट फाउंड."

म्हणजे लॅपटॉप सुरू व्हायला ज्या डिस्कवरून माहिती घेतो, ती डिस्कच त्याला सापडत नव्हती. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा नातवाच्या जावळाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह मामांनी तसाच खोचून ठेवला होता आणि लॅपटॉप त्यातूनच सुरू व्हायची धडपड करत होता. मी विचारलं, "पेनड्राइव्ह लावलाय का?"

"कायबी लावल्यालं न्हाई."

"बंद करून परत चालू करा आणि लगेच एफ टू दाबत राहा."

बराच वेळ टकटक ऐकू आली. मग मामा म्हणाले, "एफ बी दाबला, दोन बी दाबला. आता दोन्ही हात गुतल्यात, फोन हिनं धरलाय."

मी थकून म्हणालो, "मामा, पुढच्या रविवारी येतो."

मामांनी मामींच्या हातातून फोन घेतला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "केडगावची एक पोरगी हाय. नर्सिंग झालंय. शेती करणारा नवरा चालंल म्हणती. आज सांजच्याला तीन स्थळं धाडतो म्हणून तिच्या बापाला शबूद दिलाय. पोरांची माहिती त्यातच, तिच्या बापाचा नंबर बी त्यातच."

वह्या बंबात गेल्या होत्या, त्या माझ्यामुळे. मी बारके स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातले आणि एसटी पकडली.

न्हावरा, चौफुला करत पोचेपर्यंत दुपार झाली. मामांनी मला तोललं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. एफ टू दाबून लॅपटॉपच्या सेटिंगची यादी उघडली, तर डिस्कच्या जागी नुसती रेघ. मागचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ, उसाचं वाळकं पाचट आणि मेलेल्या मुंग्या. हँडलला हिंदकळून डिस्क तिच्या जागेवरून निसटली होती. ती काढली, तिची टोकं खोडरबरने पुसली, परत दाबून बसवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. पुन्हा काढून पुन्हा बसवली. मामा भिंतीला पाठ लावून बसले होते. तिसऱ्यांदा यादीत डिस्कचं नाव दिसलं आणि लॅपटॉप कण्हत कण्हत सुरू झाला.

डिस्क आतून कटकट वाजत होती, तिचा भरवसा नव्हता. मी आधी सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला लावलं. एकेक नाव पडद्यावरून सरकायला लागलं आणि मामा त्या प्रत्येकाला ओळख देत गेले. "ह्येचं जमलं. ह्येला दोन पोरी हायत आता. ह्येचं न्हाई. ह्यो पुण्याला कंपनीत लागला आन् म्हैन्यात जमलं. ह्यो अजून वाट बघतोय." मग एक नाव मामांनी तसंच पुढे जाऊ दिलं. आडनाव त्यांचंच होतं. त्यांचा धाकटा मुलगा, चौतीस वर्षांचा, घरची शेती करतो. त्या वेळीही तो उसाला पाणी द्यायला गेला होता.

मी विचारलं, "हा आजच्या तिघांत आहे का?"

"न्हाई."

"का?"

"काट्यावरच्या माणसानं सोताचा ऊस सोता तोलू न्हाई," मामा म्हणाले. "लोकं इश्वासानं पोरीची माहिती देत्यात. त्यात मी माझंच पोरगं फुडं केलं, तर उद्या कोण दारात उभं करंल?"

मग ती तीन नावं त्यांनी बोटाने दाखवली आणि बाहेरून कोणी हाक मारली म्हणून उठून गेले. मी तीन मुलांची माहिती माझ्या फोनवर घेतली, केडगावचा नंबर शोधला. मामी चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. दाराकडे बघत म्हणाल्या, "सर, चौथा बी पाठवा. म्या सांगितलं म्हणून पाठवा."

मी पाठवला.

मामांना दोन दिवसांनी कळलं. केडगावहून फोन आला, तो चौथ्यासाठीच. मामांनी मला जाब विचारला नाही, पण पुढचे दोन रविवार त्यांचा फोनही आला नाही. बायको म्हणाली, निवांत वाटतं ना? मी हो म्हणालो आणि दुपारपर्यंत तीनदा फोन उचलून बघितला.

तिसऱ्या रविवारी आला. केडगावची माणसं घर बघायला येऊन गेली होती. मुलीचे आईवडील, चुलते. चांगले तासभर बसले, मळ्यात फिरून आले. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला पुण्यात मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, आता इकडं जमायचं नाही.

"तिचं बी खरं हाय," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"त्ये न्हाई वो," ते म्हणाले. "मी येवढ्या घरी माणसं घिऊन गेलो. पोरासाठी आमच्या घरी कोण आलं न्हवतं. हिनं कपाटातलं नवं कप काढलं हुतं. आता परत आत ठेवू का म्हनून इचारत हुती. म्हनलं, ऱ्हाऊ दे भाईरच."