गुणी लुवामची एक तरी खोड

पादोव्यात, त्या विद्यापीठाच्या गावी, कालव्याच्या काठी, जिथे कमानींची ओसरी वळण घेते आणि दुपारचं ऊन दगडावर मांजरासारखं लोळतं, तिथे दुसऱ्या मजल्यावर नीवेसचं घर. विद्यार्थ्यांना खोल्या देणारी घरं गावात पुष्कळ. पण आपलं घर वेगळं, असं नीवेस सांगायची, आणि तिचं म्हणणं खोडायला सहसा कोणी जात नसे.

नीवेस मूळची खालच्या पाणथळ मुलखातली. बाप दुसऱ्याच्या रानात बीट उपटायचा. चौदाव्या वर्षी ती गावात आली आणि एका धोब्याच्या दुकानात प्राध्यापकांच्या कॉलरींना इस्त्री करू लागली. शाळा पाचवीपर्यंत. पुढे बसचा कंडक्टर दीनो तिच्या हातची कलेजी खाऊन तिच्या मागे लागला, त्यांचं लग्न झालं, सुखाचा संसार झाला, आणि दीनो गेल्यावर तिनं रिकाम्या खोल्यांत पोरं ठेवायला सुरुवात केली. त्यालाही आता एकतीस वर्षं झाली होती.

तिच्या घरातून बावीस जण पदवीधर झाले. बाविसांचे पापीरो तिच्या बोळकांडीत भिंतीवर लावलेले. पदवीच्या दिवशी मित्रांनी भला थोरला कागद रंगवायचा, वर पोराचं वेडंवाकडं चित्र काढायचं, खाली त्याच्या साऱ्या लाजिरवाण्या गोष्टी यमकं जुळवून लिहायच्या, आणि डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट घातलेल्या त्या पदवीधरानं तो भर रस्त्यात मोठ्यानं वाचायचा, चुकला की दारूचा घोट घ्यायचा, वरून अंडी-पिठाचा मारा सोसायचा. हा पापीरो. ज्याची अशी अब्रू निघाली नाही त्याची पदवी कच्चीच राहिली, असं इथे मानतात. आणि बाविसांच्या पापीरोला मसाला पुरवला होता नीवेसनं. कुणाचे मोजे किती दिवस धुतले जात नाहीत, कोण झोपेत कुणाचं नाव घेतं, हे घरमालकिणीइतकं कोणाला ठाऊक?

तेविसावी लुवाम. समुद्रापलीकडच्या आस्मारातून शिकायला आली होती. काचेवरून जपून चालावं तशी ती घरात चालायची. तिची पदवी पुढच्या मंगळवारी होती, आणि या सोमवारी तिची वर्गमैत्रीण इलारिया काखेत कागदाची गुंडाळी घेऊन नीवेसच्या दारात उभी राहिली.

"सिन्योरा, लुवाम नाही ना घरात?"

"वाचनालयात गेलीय. ये आत. चित्र झालं?"

"चित्र झालंय. लिहायला काही नाही."

"काही नाही म्हणजे? तीन वर्षं एका बाकावर बसता ना?"

"बसतो. परीक्षेआधी ती आम्हाला समजावून सांगते. माझी आजी गेली तेव्हा फुलं घेऊन आली. यातलं काय लिहू? असलं लिहिलं तर तो पापीरो नाही, श्रद्धांजली होईल."

"वर्गात कधी झोपली असेल."

"मी झोपते. ती मला कोपर मारून उठवते."

"एखादा पोरगा?"

"दोघांनी विचारलं होतं. दोघांना इतकं गोड नाही म्हणाली की अजून दोघं दुसरी पोरगी बघायची तर हिचा सल्ला घेतात." इलारिया खुर्चीत बसली. "तुम्हीच काहीतरी द्या, सिन्योरा. तुमच्या घरात राहते ती."

नीवेसनं तीन वर्षं डोक्यात चाळली. लुवाम भांडं घासून ठेवते. जिना चढताना बूट हातात घेते. न्हाणीघरात केस सांडत नाही. नीवेसला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या घरात कोणी राहतच नव्हतं.

"देते," ती म्हणाली. "आठ दिवस आहेत. आजवर माझ्या घरातून कोणी अब्रू घेऊन गेलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली. मंडईतल्या भाजीवालीला तिनं विचारलं, "आमची लुवाम घासाघीस करते का गं? टोमॅटो दाबून बघते?"

"तुम्ही दाबता," भाजीवाली म्हणाली. "तुम्ही दाबलेले ती घेऊन जाते. म्हणते, सूपच करायचंय."

वाचनालयाच्या दारावरचा शिपाई म्हणाला, "रोज जाताना सांगते, येते हं. माझी बायको सांगत नाही."

सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे थोडी आशा होती. त्यानं हात पुसले आणि आठवलं. "पहिल्या हिवाळ्यात एकदा धुक्यात भिंतीला धडकली होती. इथेच, दुकानासमोर. चाकाची चकली झाली. मी धावलो, तर ही भिंतीला म्हणतेय, माफ करा."

"कुणाला?"

"भिंतीला. धुक्यात तिला माणूस वाटलं असेल."

नीवेसनं तेवढं मनात टिपून ठेवलं, पण तिचं समाधान झालं नाही. हाही गुणच. एकट्या गुणावर पापीरो उभा राहत नाही.

परतताना ती कालव्याच्या कठड्यावर टेकली. सप्टेंबर उतरणीला लागला होता. पाणी हिरवं, स्थिर, आणि त्यावर एकेक पिवळं पान असं येऊन बसत होतं जसं कोणी न बोलावता येऊन दाराशी बसावं. तिला इस्त्रीचं दुकान आठवलं. चार वर्षं ती तिथे राबली, आणि चार वर्षांत एकदाही भूक लागली म्हणाली नाही. सगळे म्हणायचे, किती गुणी पोर. गुण कसला, ती भीती होती. माणूस आपल्या घरात दार आपटतं. जिथे दार आपटायची धास्ती वाटते ते घर परक्याचं. आणि ही पोरगी मंगळवारी कोऱ्या कागदापुढे उभी राहील, लोक टाळ्या वाजवतील, छान छान म्हणतील, आणि ही आली तशीच पाहुणी म्हणून या गावातून जाईल. नीवेसला ते पटेना. स्वतःच्या नावासाठी पटेना, आणि पोरीसाठी त्याहून पटेना.

बुधवारी जिन्यात तिला पहिल्या मजल्यावरचा ओत्तोरिनो भेटला. घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेला म्हातारा. त्याच्यामागे त्याचा कुत्रा बीगोलो एकेक पायरी धापा टाकत चढत होता.

"तुझ्या कुत्र्याला झालंय काय? पिंप झालंय नुसतं," नीवेस म्हणाली.

"ते तूच सांग. डॉक्टरनं मला झाडलं परवा. म्हणाला, या जनावराला कांदा कोण घालतं? मी म्हटलं, वरची बाई घालते."

"मी?"

"मग कोण? दर गुरुवारी दीड वाजला की हा दाराशी जाऊन बसतो. घड्याळ चुकेल, हा नाही चुकायचा. तुझी पोरगी रुमालात बांधून आणते, हा खातो, ती याची पाठ थोपटून कॉलेजला जाते. तूच पाठवतेस ना? मी म्हटलं, नीवेसला उशिरा का होईना, मुक्या जनावराची दया आली. अडीच वर्षं झाली की."



गुरुवार म्हणजे कलेजी. वासराची कोवळी कलेजी, ढीगभर पांढरा कांदा मंद आचेवर पाणी होईपर्यंत परतलेला, शेवटी व्हिनेगरचा शिंतोडा, आणि शेजारी मक्याच्या पिठाचा पिवळा पोलेंता. याच ताटापायी दीनो दोन बस सोडून द्यायचा. नीवेस ताट वाढायची, दीनोची एखादी गोष्ट सांगायची आणि दीड वाजता टीव्हीवरचे प्रश्नोत्तरांचे खेळ बघायला आत जायची. परत येईतो लुवामचं ताट पुसल्यासारखं लख्ख. 'फार छान झालं होतं, सिन्योरा.'

तिला खोड हवी होती. खोड सापडली. पण ती नेमकी आपल्याच ताटात सापडावी, असं तिनं मागितलं नव्हतं.

संध्याकाळी इलारियाचा फोन आला. "मिळालं काही?"

"नाही," नीवेस म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी तिनं कलेजी केली. नेहमीपेक्षा जास्त केली. ताट लुवामपुढे ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

लुवामनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "आज टीव्ही नाही लावायचा?"

"आज तुझ्याकडेच बघते."

लुवामनं काटा उचलला. एक तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. डोळ्यांत पाणी तरारलं तरी चावतच राहिली.

"कसं झालंय?"

"छान."

"बीगोलोलाही आवडतं म्हणे."

काटा जागच्या जागी थांबला.

"गिळू नकोस," नीवेस म्हणाली. "रुमालात थुंक. तुला सवय आहे."

लुवामनं खरोखरच रुमाल तोंडाशी नेला आणि मग मान खाली घातली. नीवेसलाच राहवलं नाही. तिनं पोरीसाठी, आणि खरं तर स्वतःसाठीही, एक पळवाट शोधून काढली.

"तुमच्यात उपास असतात ना? मांस चालत नाही त्या दिवशी. तूच म्हणाली होतीस."

"हो. बुधवारी आणि शुक्रवारी."

"मग तसंच काही असेल."

लुवामनं डोळे वर केले. पळवाट उघडी होती, आणि पळवाटेतून निघून जायची तिला तीन वर्षांची सवय होती. पण या वेळी ती गेली नाही.

"आज गुरुवार आहे, सिन्योरा. उपास नाही. मला ते आवडतच नाही. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाढताना दीनोकाकांबद्दल सांगत होता. आणि पाहुण्यानं ताट ढकलायचं म्हणजे..."

"पाहुणा?" नीवेसचा आवाज चढला. "पाहुणा आणि मासा तिसऱ्या दिवशी वास मारतो. तुला तीन वर्षं झाली. तू पाहुणी असतीस तर मी कधीच खिडक्या उघडल्या असत्या." तिनं ताट ओढून घेतलं आणि स्वतः खायला लागली. चांगली झाली होती. उत्तम झाली होती. "आणखी काय लपवलंस? आता सुरुवात झालीच आहे तर सगळं सांगून टाक."

"आणखी काही नाही."

"लुवाम."

लुवामनं टेबलावरचा एक कण बोटानं टिपला. "ते निळं सूपाचं भांडं वाऱ्यानं नव्हतं पडलं."

"मग?"

"मी आईशी फोनवर बोलत होते. हातवारे करत."

"पुढे."

"तुमचा पहाटेचा रेडिओ. परीक्षेच्या आठवड्यात त्याची तार मी सैल केली होती."

"मी त्या कारागिराच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या."

"ऐकत होते मी. अभ्यास फार छान झाला." तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "आणि ओत्तोरिनोकाका सकाळी नाक शिंकरतात ना, त्यांना मी भोंगा म्हणते. आईला सांगते, आता भोंगा वाजला, फोन ठेवते."

"आणि मला? माझ्याबद्दल काय सांगतेस आईला?"

"तुम्हाला नावं नाही ठेवत." ती अडखळली. "तुमची नक्कल करते. भाजीवालीशी भांडतानाची. आई दर रविवारी मागून घेते."

"करून दाखव."

"नको, सिन्योरा."

"दाखव म्हणते ना."

लुवाम उठली. तिनं एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी पुढे काढली, नसलेला टोमॅटो अंगठ्यानं दाबला आणि नाकातून असा काही हुंकार काढला की नीवेसला साक्षात स्वतःचं नाक तिथे दिसलं. "याला टोमॅटो म्हणतेस? यापेक्षा माझ्या नवऱ्याचं टक्कल टणक होतं, आणि ते मी फुकट घेतलं होतं." शब्दसुद्धा नीवेसचेच होते. नीवेसनं काटा खाली ठेवला. हसता हसता तिला ठसका लागला, लुवाम पाठीवर थापट्या मारायला धावली, आणि पाठीवर थापट्या मारतानाही ती नक्कल काही सोडेना.

मग नीवेसनं तिला दोन अंडी तळून दिली, आणि ती कॉलेजला गेल्यावर पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं लिहायला बसली. पाचवी शिकलेली बाई. पण यमक काही शाळेत शिकवत नाहीत. संध्याकाळी तिनं इलारियाला फोन लावला. "कागद घे. आणि ते चित्र फाड, दुसरं काढायला लागेल."

मंगळवारी विद्यापीठाच्या दाराबाहेर ही गर्दी. डोक्यावर पानांचा मुकुट घालून लुवाम बाहेर आली तशी पोरांनी तिला धरलं, कंबरेला दोरीची शेपटी बांधली, कानांवर कापडी कान अडकवले आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदापुढे उभं केलं. चित्रात टेबलाखाली फुगलेला कुत्रा, टेबलाशी साध्वीच्या चेहऱ्याची लुवाम, आणि दोघांच्या मध्ये एक रुमाल. नीवेस पुढच्या रांगेत होती, ठेवणीतला कोट घालून. शेजारी ओत्तोरिनो. त्याच्या कडेवर बीगोलो मावत नव्हता, म्हणून पायाशी.

लुवामनं चित्र पाहिलं. मग नीवेसकडे पाहिलं. नीवेस ढगांकडे बघत होती.

"मोठ्यानं," पोरं ओरडली.

लुवामनं वाचायला सुरुवात केली.

"दूर देशाहून आली, पोर मोठी गुणी,
भिंतीला धडकली तरी भिंतीचीच ऋणी.

गुरुवारी कलेजी पुढे, म्हणे 'वाहवा, छान',
रुमालात बांधून खाली कुत्र्याला दे दान."

गर्दी खिदळली. "हीच का ती?" मागून कोणी विचारलं, आणि वर्गातली पोरं तोंडावर हात ठेवून एकमेकांकडे बघू लागली. लुवामचा आवाज स्वच्छ, एक अक्षर चुकत नव्हतं, बाटली घेऊन उभा असलेला पोरगा कंटाळून गेला होता. ती पुढचं वाचू लागली.

"कुत्रा झाला ढोल अन् बाई फुगली मानानं,
तीन वर्षं फसले दोघं एकाच पानानं."

इथे ती थांबली.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

इलारियानं नीवेसकडे पाहिलं. नीवेसची नजर ढगांवरून खाली आली. जास्त झालं. पोरीला लागलं.

"तीन नाही, अडीच," लुवाम म्हणाली. "पहिले सहा महिने मी स्वतः खात होते. तेव्हा कुत्र्याची ओळख नव्हती."

बाटलीवाल्याच्या अंगात एकदम जीव आला. "चूक वाचणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची. लिहिलं कुणी?"

लुवामनं हात लांब करून बोट दाखवलं. पाहुणीनं दाखवावं तसं नाही. बहिणीनं बहिणीची चुगली करावी तसं. "त्यांनी. आणि कलेजीत व्हिनेगर फार घालतात."

बाटली नीवेसपुढे आली. तिनं एक मोठा घोट घेतला, ठेवणीतल्या कोटाच्या बाहीला तोंड पुसलं आणि गर्दी ढकलून पुढे झाली.

"व्हिनेगर बरोबर असतं."

"फार असतं, सिन्योरा. बीगोलोसुद्धा आधी शिंकायचा."

"आणि तू रांधलेल्या तुमच्याकडच्या त्या लाल रश्श्याचं काय? माझी जीभ दोन दिवस जागेवर नव्हती."

"तुम्ही दोनदा वाढून घेतलं होतंत."

"मी पाहुणचार म्हणून घेतलं."

लुवाम कापडी कान मागे सारून इतकी हसली की मुकुट डोळ्यांवर आला. दोघी कमरेवर हात ठेवून भर रस्त्यात भांडत राहिल्या, आणि पिठाच्या पिशव्या घेऊन उभी असलेली पोरं, नेमकं कुणावर टाकायचं, या विचारात पडली.