उपाशी देवी

दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरी अष्टमीच्या कुमारिका-पूजनाला शेजारीण मला घेऊन गेली होती. पाटावर बसलेल्या मुलींत ती सगळ्यांत मोठी, बारा-तेरा वर्षांची. हातातली बांगडी सारखी कोपराकडे सरकवून बघायची. ताटातली पुरणपोळी मात्र तशीच.

"माझा उपास आहे," ती म्हणाली.

"सोमवार, चतुर्थी, एकादशी, आता नवरात्र! एवढ्याशा वयात केवढी श्रद्धा," घरच्या काकू कौतुकाने म्हणाल्या. "चेहऱ्यावरचं तेज बघा." मला तर नुसती गालांची हाडं दिसत होती.

ती हात धुवायला उठली, तेव्हा मी मोरीपाशी हळूच विचारलं, "भूक नाही लागत?"

"लगती है ना. पण डाएट म्हटलं की आई ओरडते. उपास म्हटलं की कोणी काही बोलत नाही." मग काकूंकडे बघत म्हणाली, "मागच्या अष्टमीला ह्यांनीच सगळ्यांसमोर विचारलं होतं, दोन कुमारिकांचं एकटीच जेवणार का गं?"

निघताना काकूंनी तिच्या हातावर दक्षिणा ठेवली आणि पाया पडायला त्या वाकल्या. देवीने श्वास रोखून पोट आत ओढून धरलं.