समेची धास्ती

मुक्ताचा पहिला अल्बम ऐकायला बसले, तेव्हा ती माझ्यासमोरच होती. तिचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर नव्हतं, हातावर होतं. आमच्या घरात दाद तोंडानं देत नाहीत. तालाचं चक्र फिरून गाणं झोकात समेवर आलं, की हात आपोआप मांडीवर पडतो.

स्पीकरमधून तिची तान वर चढली. माझे खांदे ताठ झाले. गाणं कधीच गाऊन झालंय, आता ते चुकणार कसं? तरी पोर समेवर पोचते की नाही, या धास्तीनं माझा श्वास अडकला. ती पोचली, अगदी नेमकी. माझा हात मात्र हवेतच राहिला.

अलीकडे ऐकलेल्या बहुतेक अल्बमांचं हेच होतं. सगळं लख्ख, धुऊन काढलेलं. कुणी श्वास घेतल्याचंही ऐकू येत नाही. पडायची भीतीच नसेल, तर सावरण्यातली मजा कुठून येणार? पण हे भाचीच्या तोंडावर कसं सांगायचं?

"मावशी, नाही ना पडला हात?" मुक्ताच म्हणाली. "ती सम नंतर जोडलीय गं. गाताना मी चुकले होते."

"मग ते चुकलेलं ऐकव."

तिनं घाबरतच फोनवर लावलं. तीच तान. सम निसटली, तबलजीचं हसू ऐकू आलं, आणि घसरलेली मुक्ता न थांबता पुढच्या आवर्तनात समेवर येऊन आदळली.

हात मांडीवर इतक्या जोरात पडला, की समोर बसलेली मुक्ता दचकली.