कोरे डोळे

गावातल्या भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीची पहिली उपासना होती. उपासनेत मूर्ती चालत नाही, हे पाळकांनी बाप्तिस्म्याआधीच बजावलं होतं. पण बाबांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवणारा हा माणूस येशूची मूर्ती घेऊन आला, गणपती आणतात तशी, तिच्या तोंडावर रुमाल टाकून. पाळक ताडकन उठले.

बाबांनी रुमाल काढला. डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं होतं.

“डोळे रंगवल्याशिवाय मूर्ती होत नाय,” बाबा म्हणाले. “हे नुसतं प्लास्टर हाय.”

पाळक हळू आवाजात म्हणाले, “प्लास्टरच ना? मग फोडा.”

बाबांनी ती दोन्ही हातांनी वर उचलली. मग छातीशी घट्ट धरून ते खाली बसले.