बाप्पाच्या मखरातले कण

सहा वर्षं मी एकच काम करतेय. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अवकाशात जिथे संपतं, त्या सीमेवर सुसाट धावणारे कण असतात. उपग्रहांनी पाठवलेल्या नोंदींतून मी ते शोधते. आणि सहा वर्षं बाबा आमच्या अख्ख्या कात्रप भागात सांगत फिरतात, "पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे." एकदा वाण्याने माझ्याकडे बिघडलेला प्रिंटर आणून ठेवला! मला एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा, फक्त एकदा, माझं काम चारचौघांत धड सांगावं.

यंदा सोसायट्यांच्या गणपती-सजावट स्पर्धेसाठी सेक्रेटरीकाकांनी माझाच विषय घेतला. मी भलतीच हुरळले. पृथ्वीच्या जागी बाप्पा, सीमा म्हणून भोवती उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली निळ्या लाइटची माळ, आणि कण म्हणजे सोनेरी रंगवलेले पिंगपाँगचे चेंडू. मी चित्रसुद्धा काढून दिलं: बहुतेक कण बाहेरून वळसा घालून जातात, थोडे आत घुसतात, आतलेही थोडे बाहेर निसटतात.

परीक्षक यायच्या सकाळी खाली येऊन बघते तर काय, झाडून सगळे चेंडू माळेच्या बाहेर!

"काका, आतले कुठे गेले?"

"अगं, आत विघ्नहर्ता बसलाय. तिथे हे घुसले तर लोक काय म्हणतील?"

"पण घुसतात ना! माझी अख्खी पीएचडी त्यावरच आहे!"

"मग विसर्जनानंतर घुसू देत की."

माझं डोकंच फिरलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचेच बाबा, पण ते मोदकांचं ताट झाकण्यात गर्क. मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, खड्ड्यात गेलं विज्ञान.

परीक्षक आले, त्यांच्या हातात चहा दिला गेला. काकांनी सुरुवात केली, "बाप्पाच्या कृपेने एकसुद्धा कण आत..."

"थांबा हो जरा." बाबा चप्पल काढून स्टुलावर चढले आणि बाहेरचे तीन चेंडू ओरबाडून आत चिकटवले, एक तर थेट उंदराच्या शेपटीपाशी. "काही आत शिरतात. आणि आतलेही काही बाहेर जातात. किती, कधी, कुठून, ते माझी मुलगी शोधते."

तेवढ्यात उंदरापाशी लावलेला चेंडू सुटला आणि टप्पे खात एका परीक्षकबाईंच्या चहात पडला.

"हा बघा, गेला बाहेर," बाबा म्हणाले.

नंबर अर्थातच आला नाही. काका दोन दिवस आरतीला आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

आरतीनंतर मी बाबांना मांडवातच गाठलं. "बाबा, तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?"

"तू तुझ्या सरांशी फोनवर तावातावाने बोलतेस ना, तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकतो."

"मग आजवर कुणाला सांगितलं का नाही?"

"माझं काही चुकलं असतं तर लोक तुला हसले असते गं."

मी तिथेच, मांडवात, सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.